सटीची वांगी

बदलीचा कागद आला की आमचे दादा तो दोनदा वाचायचे आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. आई मात्र मागच्या अंगणात जाऊन भाजीच्या वाफ्यापाशी नुसती उभी राहायची. दादा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांच्यामागं आम्ही परभणी जिल्ह्यातली खेडी पालथी घातली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. विंचवाचं बरं असतं, त्याला वांगी-मिरच्या लावायची हौस नसते. आमच्या आईला होती. नव्या घरात चूल मांडायच्या आधी ती न्हाणीचं पाणी कुठं जातं ते बघायची, आणि आठ दिवसांत त्या पाण्यावर वाफा धरायची.

आणि व्हायचं काय, तर झाडं धरायला लागली की बदली. एका गावात भोपळ्याचा वेल छपरावर चढून पाच-सहा भोपळे लागले होते, ते तसेच सोडून आलो. दुसऱ्या गावात घेवडा फुलावर होता. आमच्या जागी येणारी मास्तरीण आयत्या बिळावर नागोबा. आई तिला शिव्या घालायची नाही, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन महिन्यांनी जेवता जेवता म्हणायची, ‘आता शेंगा लागल्या असतील तिथं.’ आणि आम्हाला ताटावरून उठावंसं वाटायचं.

पण भोपळा आणि घेवडा गेल्याचं दुःख वेगळं आणि वांग्याचं वेगळं. आमचं कुलदैवत खंडोबा. आषाढी एकादशीपासून आमच्या घरात वांगं बंद, ते चंपाषष्ठीपर्यंत. तिला आम्ही नुसतं सट म्हणतो. सटीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवायचा, तळी उचलायची, मग माणसांनी वांगं खायचं. त्या दिवशी सगळे भाऊ झरीकडच्या आमच्या मूळ गावी जमायचे. तिथं शेती थोरल्या काकांकडे, आणि घर थोरल्या काकूच्या ताब्यात. वांगी त्यांच्या मळ्यातली. आई नोकरदाराची बायको, ती हात हलवत जायची आणि भाकरी थापत बसायची.

एका सटीला, दुष्काळाच्या आदल्या वर्षी, आईनं परभणीच्या बाजारातून चांगली निवडून वांगी नेली होती. काकूनं सगळ्या बायकांसमोर पिशवीत हात घातला, एक वांगं वर काढून बघितलं, आणि म्हणाली, देवाला घरचं लागतं, बाजारचं कशाला आणलंस. मग ती पिशवी तशीच उचलून म्हशीपुढं रिकामी केली. आई भाकरी थापायला बसली. परतताना एसटीत तिनं दादांना एवढंच सांगितलं की एकदा तरी मी माझ्या हातची वांगी त्या देव्हाऱ्यापुढं ठेवीन. दादा हो म्हणाले. दादा सगळ्यालाच हो म्हणायचे.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, प्यायलाच पाणी नव्हतं तिथं वांग्याला कुठलं. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही जिंतूरच्या अलीकडं एका खेड्यात होतो. आईनं राखेत घोळून ठेवलेलं बी पेरलं, रोपं श्रावणात लावली, आणि दसऱ्यापर्यंत बारा झाडं माझ्या गुडघ्याच्या वर आली. देठाला काटे, पानाला जांभळी शीर. दोन झाडांना कळ्यासुद्धा दिसत होत्या. सटीपर्यंत पिशवी भरणार हे आईनं मनात पक्कं करून टाकलं होतं. आणि दसऱ्याच्या तोंडावर बदलीचा कागद आला. गंगाखेडच्या पलीकडचं गाव, ताबडतोब हजर व्हा.

या वेळी आई वाफ्यापाशी नुसती उभी राहिली नाही. ती दादांना म्हणाली, झाडं संगं न्यायची. दादा म्हणाले, वांग्याची एवढी मोठी झाडं उपटून लावली तर जगतील का? आई म्हणाली, माझ्या हातानं जगतील. आणि खरं सांगते, जगली असती. तिला ती विद्या होती. आदल्या संध्याकाळी वाफा भिजवायचा, झाडाच्या भोवती वीतभर सोडून खुरप्यानं गोल कापायचं, मुळाभोवतीचा मातीचा गड्डा फुटू न देता झाड उचलायचं, एरंडाच्या पानात गुंडाळून सुतळीनं बांधायचं. खालची मोठी पानं काढून टाकायची, म्हणजे झाडाला आपला जीव तेवढा सांभाळता येतो. हे सगळं मला तिनंच शिकवलंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईला कावळा शिवला. ट्रक त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

आमच्या घरात ही शिवाशिव कडक. दादा वर्गात पोरांना ग्रहणाचं शास्त्र चेंडू-कंदील घेऊन समजावून सांगायचे, पण घरी या बाबतीत त्यांची दातखीळ बसायची. तीन दिवस आईनं ओसरीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसायचं. पाण्याला, चुलीला, लोणच्याला हात नाही. आणि भाजीच्या वाफ्याकडं तर फिरकायचंच नाही, बाहेरच्या बाईची सावली पडली तरी झाड जळतं म्हणतात. हे आईला कुणी जुलमानं करायला लावत नव्हतं, हे लक्षात ठेवा. सासू नव्हती, जाऊ तिकडं मूळ गावी. ती आपण होऊन बसायची, आणि आमच्याकडून पाळून घ्यायची.

दादांची सुटकाच झाली. म्हणाले, राहू द्या आता ती झाडं, तिकडं बाजार हाय. आईनं कोपऱ्यातून सांगितलं, पोरगी काढंल, मी लांबून सांगते. पोरगी म्हणजे मी. तेरा वर्षांची. पाठची बहीण पाच वर्षांची, तिचा उपयोग नव्हता. दादांना खुरपं धरता येत नव्हतं. म्हणजे सगळं माझ्यावर.

ट्रक यायच्या दिवशी पहाटे उठले, न्हाणीत गेले, तर परकराला डाग. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मी आंधळी नव्हते. शाळेत दोघी-तिघींचं झालं होतं, आईचं तर दर महिन्याला बघत होते. मी न्हाणीत तशीच उभी राहिले. बाहेर आई दादांना सांगत होती, पाटीत ओलं गोणपाट अंथरा, पोरीला एरंडाची पानं तोडून द्या. मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं. आईच्या शेजारी दुसरं पोतं पडलं असतं, झाडं तिथंच राहिली असती, आणि सटीला काकूनं पुन्हा आईला सगळ्यांपुढं उभं केलं असतं. मी आईच्या जुन्या लुगड्याची एक चिंधी फाडली, घडी घातली, आणि खुरपं घेऊन वाफ्यात गेले.

आई वाफ्याच्या मावळतीला, लांब भिंतीपाशी उभी राहिली, अशा बेतानं की उगवतीच्या उन्हात तिची सावली भिंतीवर पडावी, वाफ्याकडं येऊ नये. मधूनमधून खाली बघून ती आपली सावली तपासायची. आणि मी भर वाफ्यात उकिडवी बसलेली, माझी सावली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चाललेली. आई तिथून सांगायची, अगं लांबून काप, मूळ तुटंल. खालून हात घाल. देठाला धरून ओढू नको, रांडं. मी सांगितलं तसं करत गेले. प्रत्येक झाडाला हात लावताना वाटायचं, आता पान करपेल. बारा झाडं निघाली तेव्हा मला घाम फुटला होता, आणि आई लांबून म्हणाली, शाबास माझी वाघीण.

ट्रकमध्ये पाटी मी मांडीशी धरून बसले. परभणीच्या अलीकडं एका खड्ड्यात दणका बसला आणि एका झाडाचं खोड मोडलं. अकरा राहिली. आई मागं गाठोड्यांच्या पलीकडं, पाटीपासून दूर बसून होती. तिनं मोडल्याचा आवाज ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

नव्या घराच्या मागं जागा चांगली होती, काळी माती, विहीर जवळ. घरमालक शेतकरी होते, त्यांची बायको भली बाई, तिनं पाटीभर शेणखत दिलं. ऊन उतरल्यावर मी आळी केली, झाडं लावली, तांब्यानं बुडाशी पाणी घातलं आणि वर कडब्याच्या पेंढ्या आडव्या टाकून सावली केली. आई ओसरीवरून सांगत होती आणि मी करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या झाडांनी माना टाकल्या. मी विहिरीआड जाऊन रडले. खंडोबाला म्हणाले, माझं काय करायचं ते कर, ती झाडं जाळू नकोस, त्यात माझ्या आईचा जीव अडकलाय. इतकी भिकारड्यासारखी मी त्यानंतर कुणाचीच विनवणी केली नाही.

आपल्या चौथ्या दिवशी आई डोक्यावरून न्हाली आणि तडक वाफ्यात गेली. तोवर माझंही थांबलं होतं, मी गुपचूप चिंध्या जाळून टाकल्या होत्या. आईनं एकेक झाड बोटानं हलवून बघितलं आणि म्हणाली, धरलंय. आठ दिवसांत नवी पालवी आली. दिवाळीपर्यंत फुलं. घरमालकीण बघायला आली तेव्हा आईनं तिला सांगितलं, लेकीच्या हाताला गुण हाय माझ्या, अकराच्या अकरा जगली. मी तिथंच उभी होते. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. त्या दिवसापासून कुणीही भेटलं की आई हे सांगायची. आणि मला आतून एक माज चढत गेला. म्हटलं, कळतंय का कुणाला, कसली सावली आणि कसलं जळणं. सगळं थोतांड आहे आणि ते फक्त मला माहीत आहे.

सटीला आम्ही मूळ गावी गेलो. आईनं पिशवी आपल्या मांडीवर ठेवली, एसटीत कुणाला धरायलासुद्धा दिली नाही. काकूनं पिशवीत हात घातला. मोठं, गच्च, चकचकीत वांगं वर निघालं. काकू आईकडं बघायला लागली. आई म्हणाली, ‘घरचं हाय, वहिनी. लेकीनं लावलंय.’ काकूनं वांगं परत पिशवीत ठेवलं आणि पिशवी चुलीकडं नेली. त्या वांग्यांचं भरीत झालं, खंडोबापुढं ठेवलं, तळी उचलली, बाहेर कुत्र्याला घास टाकला. मी देवाकडं टक लावून बघत होते. काही होतंय का. काही झालं नाही. कुत्र्यानं रोडगा आणि भरीत चाटून साफ केलं. काकूनं दोनदा वाढून घेतलं. आईचा चेहरा त्या दिवशी जसा होता तसा मी परत पाहिला नाही. मला वाटलं, हे मी दिलंय तिला.

इथंच हे संपलं असतं तर मी ही गोष्ट हसत सांगितली असती.

मधे दोन महिने मला काहीच आलं नव्हतं. मला वाटायला लागलं होतं की चुकून झालं असेल. सटीनंतर दहा-बारा दिवसांनी विहिरीवर पाणी शेंदताना परकराला डाग पडला आणि तो घरमालकिणीनं बघितला. मग काय, गावभर. पोरगी शहाणी झाली. बायका जमल्या, हळद लावली, ओटी भरली, मला लाजायला सांगण्यात आलं. आई कौतुकानं सगळ्यांना सांगत होती की पहिलंच हाय. मी मान खाली घालून बसले. मग गोठ्याकडच्या पडवीत मला पोतं अंथरून दिलं. तीन दिवस शाळा बंद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई वांगी तोडून परत येत होती. पडवीपाशी थांबली आणि लांबून म्हणाली, वाफ्याकडं येऊ नको गं परवा न्हाईस्तवर, झाडं भरात आलीत, सावली पडली तर जळून जातील.

आता माझा स्वभाव. तो तेव्हाही असाच होता. दोन दिवस गोमाशा मारत बसले होते, शाळेत चाचणी जवळ आली होती, आणि वरून हे. मी म्हणाले, ‘त्या झाडांना काय बी होत न्हाई. लावली तेव्हा मी बाहेरचीच होते.’

आईला आधी समजलंच नाही. मी सांगितलं. पहाटे डाग दिसला ते, चिंधी फाडली ते, सगळे दिवस लपवलं ते, सगळं. वर हेही सांगितलं की तू भिंतीपाशी सावली सांभाळत होतीस तेव्हा माझी सावली सगळ्या झाडांवर पडत होती. हे सांगताना मला मजा येत होती, हे मी लपवणार नाही. मला वाटलं होतं ती आधी रागवेल, मग हसेल. अगं बाई, म्हणजे सगळं उगीचच, असं म्हणेल. इतकी मी मूर्ख होते.

ती म्हणाली, ‘खरं सांगायलीस?’ मी म्हणाले, खंडोबाची आण. ती पदरातली वांगी घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं विचारलं, ‘देवाला दाखवली ती बी त्याच झाडांची?’ दुसरी झाडं होतीच कुठं. तिला माहीत होतं, तरी विचारलं. ती वांगी तिनं घरात नेली नाहीत, तिथंच पडवीच्या कडेला ठेवली आणि आत गेली. त्या रात्री आम्ही चटणी-भाकरी खाल्ली. दादांना तिनं काही सांगितलं नाही.

सकाळी मुळं तुटल्याचा आवाज आला. ओलसर, करकरीत. मी ओळखला. पडवीतून धावत गेले तर आई वाफ्यात वाकून दोन्ही हातांनी झाडं उपटत होती. खुरपं नाही, काही नाही. देठाचे काटे हाताला लागून रक्त आलं होतं. चार झाडं आडवी पडली होती, सगळी वांग्यांनी लगडलेली, काही बोटाएवढी, काही फुलातच.

मी वाफ्यात शिरले. म्हणाले, ‘आई, जिवंत हायेत ती. बघ की. एक बी जळलं न्हाई.’

ती थांबली. माझ्याकडं बघितलं नाही, झाडाकडंच बघत म्हणाली, ‘जळली असती तर बरं झालं असतं.’

मला वाटलं रागानं बोलतेय. पण ती रागात नव्हती. एक झाड हातात धरून तशीच वाकलेली होती. मग म्हणाली, ‘जळली असती तर म्हणले असते, पोरीचं चुकलं, देवाचं बरोबर. आता काय म्हणू? मी पंधरा वर्सं कोपऱ्यात कशापायी बसले मग?’

ती मला विचारत होती. खरंच विचारत होती, आणि उत्तरासाठी थांबली होती. आज मला त्यावर तासभर बोलता येईल. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. काल संध्याकाळी फाडफाड चाललेली जीभ नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. आईनं ते झाड उपटलं. मग पुढचं. अकरावं उपटून झालं तेव्हा ती सरळ उभी राहिली, कंबरेवर हात ठेवला, आणि मी कुठं उभी आहे हे तिला आत्ताच दिसल्यासारखं झालं. नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘तिसरा दिवस हाय तुझा. वाफ्यात काय करायलीस? जा, जाग्यावर बस.’

झाडं तिनं घरमालकाच्या शेळ्यांना दिली नाहीत, उकिरड्यावरही टाकली नाहीत. लांब ओढ्यात नेऊन टाकली. घरमालकिणीला सांगितलं, कीड पडली. पुढं कितीतरी बदल्या झाल्या, कितीतरी वाफे तिनं धरले, पण वांगं लावलं नाही. सटीला पुन्हा हात हलवत जायला लागली. काकू एकदा म्हणालीही, त्या साली मिरवलंस ते मिरवलंस. मी केलेलं आईनं कुणाजवळ काढलं नाही, मरेपर्यंत नाही. आणि दर महिन्याला, नेमानं, तीन दिवस कोपऱ्यात बसत राहिली, पाळी बंद होईपर्यंत.

लोकांना वाटतं मला आईचा राग असेल. होता, बरीच वर्षं होता, आता नाही. माझा राग वेगळाच आहे. त्या सकाळी ती म्हणाली जा, जाग्यावर बस, आणि मी, जिला सगळं माहीत होतं, जिच्या हातांनी ती अकरा झाडं जगली होती, मी गेले आणि त्या पोत्यावर जाऊन बसले.